उसने दहा

२०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली. जून आला, पाऊस आला, कुलपं तशीच. शहरातली पोरं मोबाइलसमोर बसू लागली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र मोबाइल असलाच तर घरात एक, तोही बापाच्या खिशात, आणि रेंज हवी तर टेकाडावर जाऊन उभं राहायचं. दिगंत स्वराज फाउंडेशननं मग भलताच सोपा मार्ग काढला. धडे ध्वनिमुद्रित केले आणि ते स्पीकरवरून दांडवळसारख्या गावांत ऐकवायला सुरुवात केली. ‘बोलकी शाळा’ असं त्या उपक्रमाचं नाव. न दिसणाऱ्या मास्तरांना पोरं ‘स्पीकर दादा’, ‘स्पीकर ताई’ म्हणू लागली. शाळेनं उठून मुलांकडे जावं, हे या मुलखाला तसं नवं नाही. १९४५ साली बोर्डीत काम सुरू करणाऱ्या आणि १९५७ साली कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली होती.

पण स्पीकरला तोंड असतं, कान नसतात. पुढची गोष्ट आहे ती या कानांची.

असाच एक पाडा. कारवीच्या कुडाचं घर, घरात तिसरीतली पोरगी. आईबाप आवणीला शेतावर. आजीचे गुडघे गेलेले, म्हणून ती ओट्यावर नागली निवडत बसलेली. स्पीकर सुरू झाला की शेळ्या बिचकतात, म्हणून आजीचा त्याच्यावर राग. शिक्षणाबद्दल तिला फार प्रेम होतं असं कुणी समजू नये.

पोरीचा अभ्यास मागे पडतोय याची खरी काळजी होती ती चुलत काकाला. बारावी झालेला, भिवंडीच्या गोदामात कामाला. टाळेबंदीत काम सुटलं म्हणून घरी परतलेला. माणूस मनाचा चांगला. संध्याकाळी स्वतःच्या पोराबरोबर हिलाही वही घेऊन बसवी. बेचाळीसातून सतरा वजा करायचे होते. काका म्हणाला, “दोनातून सात जात नाहीत. शेजाऱ्याकडून एक उसना घे. झाले बारा. बारातून सात गेले, पाच. शेजारी उरले तीन, त्यातून एक गेला, दोन. पंचवीस. लिही.” पोरगी लिही. अडली की काका सांगे, आणि फारच अडली तर पेन्सिल हातात घेऊन स्वतःच लिहून टाकी. चार दिवसांत वही बरोबरच्या खुणांनी भरली. मुंबई-ठाण्यातल्या घरांतही अशा वह्या खूप असतात. प्रकल्प पोराचा, अक्षर आईचं.

एका संध्याकाळी आजीनं सहज विचारलं, “काय लिवलंस गं एवढं?”

पोरीनं धडाधड म्हणून दाखवलं. आजीचा हात नागलीत थांबला.

“उसना कुणाकडून घेतलास?”

“शेजाऱ्याकडून.”

“मंग परत कधी दिलास?”

पोरीनं वहीत बघितलं. परत दिल्याचं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

“परत नाय द्यायचा.”

“अशानं दुसऱ्या टायमाला देईल का कोणी? आणि मागितलास एक, तर दहा कसे गं मिळाले? असा शेजारी मला नाय भेटला कधी.”

आजी थट्टा करत नव्हती. जव्हार-मोखाड्यात उसनवारी म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिचा प्रश्न कळेल. दिवाळी झाली की इथले पाडे अर्धे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. त्याआधीच मालकाकडून उचल घेतलेली असते, ती सगळा हंगाम विटा पाडून फेडायची. आजीनंही जन्मभर तेच केलेलं. एक घेऊन दहा मिळाल्याचा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता; एक घेऊन दहा फेडल्याचे मात्र तिच्या लक्षात होते.

दुसऱ्या दिवशी पोरीनं काकाला विचारलं, “उसना परत कधी द्यायचा?”

“अगं, ती रीत असते. तसंच करायचं. परीक्षेत हे विचारत नाहीत.”

काका खोटं बोलला नाही. विचारत नाहीतच. (वजाबाकीची एक जुनी रीत आहे, तिच्यात वरच्या आकड्याला दहा दिले की खालच्या शेजाऱ्यात एक मिळवतात, म्हणजे तिथं उसनवारीची फेड तरी दिसते. ती कुणी आजीला सांगितली असती, तर तिनं त्यावर आणखी चार प्रश्न काढले असते.)

स्पीकरवर वजाबाकी झाली, गुणाकार सुरू झाला. पोरीच्या प्रश्नासाठी तो थांबणार कसा? थांबली ती आजी. रोज संध्याकाळी तिचं एकच, “कळलं का गं, त्या उसन्याचं काय झालं ते?” आजीला काही शिकवायचं नव्हतं. तिला खरोखरच कळलं नव्हतं, आणि अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. मला विचाराल तर त्या घरातली सगळ्यात मोलाची शैक्षणिक वस्तू म्हणजे आजीचं हे न कळणं.

शेवटी पोरगी वैतागली. “थांब, तुला दाखवतेच.” शाळेत गुरुजी काड्यांचे गठ्ठे करत, ते तिला आठवलं. तिनं खराट्याच्या काड्या ओढून आणल्या. आजीनं आधी खराट्यासाठी आरडाओरडा केला, मग वाखाचा दोरा काढून दहा-दहाच्या जुड्या बांधून दिल्या. बांधायला तिला शिकवावं लागलं नाही. पावसाच्या तोंडाला रानात शेवळं येतात, त्यांच्या जुड्या बांधून जव्हारच्या बाजारात बसण्यात तिचे किती पावसाळे गेले होते.

चार जुड्या, दोन सुट्या. बेचाळीस.

“आता सतरा दे मला,” आजी म्हणाली.

पोरीनं एक जुडी दिली. दोन सुट्या दिल्या. मग हात थांबला.

“पाच कमी आहेत.”

“मंग?”

“शेजाऱ्याकडून…” पोरीनं इकडेतिकडे पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. समोर आपल्याच तीन जुड्या.

आजी बाजारातल्या सुरात म्हणाली, “गिऱ्हाईक उभं आहे. सुट्या पायजेत त्याला. परत धाडू का?”

पोरीनं एक जुडी ओढली आणि वाख सोडला. दहा काड्या ओट्यावर पसरल्या. त्यातल्या पाच आजीच्या पुढ्यात ठेवल्या, उरलेलं मोजलं. दोन जुड्या, पाच सुट्या.

“आजी, उसना घेतलाच नाय! आपलीच जुडी सोडली.”

“मंग परत कुणाला द्यायचंय?”

“कुणालाच नाय. आपलंच होतं, सुटं केलं. आणि जुडी एकच, पण काड्या दहा. म्हणून दहा.”

“हां,” आजी म्हणाली. “मंग असं सांग ना आधीपासून.” आणि लगेच पुढचं, “पण जुडी एकबी नसली, नुसता भारा असला तर?”

त्या प्रश्नानं दोन संध्याकाळी खाल्ल्या. दहा जुड्यांचा भारा बांधण्याएवढ्या काड्या खराट्यात नव्हत्या; म्हणून कारवीच्या काटक्या गोळा झाल्या, मोजताना चुकल्या, पुन्हा मोजल्या. पोरीचा बाप शेतावरून येऊन चिखलाच्या पायांनी तिथंच टेकला आणि काही न बोलता जुड्या बांधू लागला.

पुढं काकानं मुद्दाम कठीण गणित घातलं. तीनशे दोनमधून एकशे सतरा. इथं शेजारीच शून्य. मुलं हमखास अडखळतात. स्वतः काकाही शाळेत इथं अडखळे, आणि मग ‘शून्याचे नऊ होतात’ एवढं पाठ करून त्यानं बारावी गाठली होती. पोरगी अडली नाही. ती पुटपुटत होती, “जुडी नाही. भारा सोडायचा. दहा जुड्या झाल्या. त्यातली एक सोडायची. नऊ उरल्या.” तिनं एकशे पंच्याऐंशी लिहिलं.

“नऊ का उरल्या, पुन्हा सांग,” काका म्हणाला. या वेळी तो तपासत नव्हता.

पोरीनं पुन्हा सांगितलं. काकानं वहीतली आधीची पानं उलटून पाहिली. बरोबरच्या सगळ्या खुणा त्याच्याच होत्या, आणि निम्म्याहून अधिक उत्तरंही त्याचीच.

भादव्यात काकाचा पोरगा भागाकाराला अडला. तेवीस भागिले चार. उरलेल्या तिनांचं काय करायचं ते त्याला उमगेना. काकाच्या तोंडावर उत्तर आलं होतं. पेन्सिलही हातात आली होती. ती त्यानं खाली ठेवली आणि कुडापलीकडे हाक मारली, “काकी, जरा येतेस का इकडं? ह्याला काही सांगू नको, नुसतं विचार.”

“येते,” आजी म्हणाली, “शेळ्या तेवढ्या बांधते आधी.”