तीन तांबे

हर्णैच्या समुद्रात, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकून असलेल्या एका लाँचवर सात जण राहत. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की ३१ मे उजाडेपर्यंत त्यांना दुसरं घर नसे. आठ दिवस समुद्रात, दीड-दोन दिवस बंदरात, पुन्हा समुद्रात. झोपायचं केबिनमध्ये अंगाला अंग लावून, रांधायचं मागच्या बाजूला, आणि धुणं धुवायचं ते फळ्यांवर उकिडवं बसून, एका हाताने कठडा धरून. प्यायच्या पाण्याची 200 लिटरची दोन निळी पिंपं होती. चहूकडे क्षितिजापर्यंत पाणी, पण आठ दिवस सात माणसांचं म्हणावं असं पाणी तेवढंच.

त्या सात जणांत एक पोरगा नवा होता. पश्चिम नेपाळच्या डोंगरातून आलेला. कोकणातल्या लाँचींवर नेपाळी खलाशी आता पुष्कळ दिसतात. या पोराने समुद्र पाहिला तोच मुळी हर्णैला येऊन. त्याची आई नदीकाठच्या दगडावर कपडे धोपटायची आणि धारेत सोडून द्यायची. पुढचं काम नदीच करायची. पाणी मोजून वापरायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिल्याच फेरीत जाळ्यात म्हाकूळ आली आणि तिची शाई त्याच्या एकुलत्या एका बऱ्या सदऱ्यावर उडाली. त्याने दोरी बांधलेली बालदी समुद्रात सोडली, पाणी ओढलं आणि साबणाची वडी घासायला घेतली. फेस काही येईना. वडीतून नासलेल्या दुधासारखा चोथा सुटला आणि कापडावर चिकट थर बसला. खाऱ्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला साबण असाच फुटतो, पोराला हे कुठून ठाऊक असणार? त्याने वडी अर्धी झिजवली. सदरा दुपारच्या उन्हात वाळून पापडासारखा कडक झाला, आणि संध्याकाळी अंगात घातला तर पुन्हा ओलसर. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच. कापडात राहिलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. दोन दिवसांत त्याच्या काखा आणि मान लाल झाली, तिसऱ्या दिवशी सोलवटून निघाली. जाळं ओढताना हात वर गेला की डोळ्यांत पाणी यायचं. पण नव्याने बोलायचं कुणाशी?

मग त्याने आपल्या बुद्धीने एक उपाय केला. रात्री लाँच चालू असताना सदरा दोरीला बांधून मागे सोडून दिला. नदी जे करायची ते समुद्र करील, असा त्याचा हिशोब. पहाटे दोरी ओढली तर हाताला कॉलर आली, अर्धी बाही आली आणि चिंध्या आल्या. लाँच चालवणाऱ्या तांडेलाने ते पाहिलं मात्र, तो आधी धावला तो मागे वाकून पंख्यात काही अडकलंय का बघायला. नसल्याची खात्री झाल्यावर म्हणाला, "सदरा गेला तर सदराच गेला रे. पंखा अडकला असता तर आपण सगळेच गेलो असतो." एवढंच बोलला आणि आपला एक जुना शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

पुढच्या फेरीत चौथ्या रात्री, सगळे झोपल्यावर, पोराने पिंपाची तोटी सोडली. बाकी सगळं सोसलं होतं, पण खाजेने त्याला चार रात्री झोप नव्हती. तांडेलाचा शर्ट, आपली पँट, पांघरायची चादर, सगळं त्याने गोड्या पाण्यात काढलं. खारं पाणी निथळणारे कपडे तसेच बालदीत बुडवायचा, हलवायचा, पाणी ओतून द्यायचा, दुसरी बालदी भरायचा. जीभ लावली की खारट. पुन्हा बालदी. पंधरा लिटरच्या सहा बालद्या झाल्या, तरी चादर खारटच.

सकाळी तांडेलाने रोजच्या सवयीने पिंपावर टिचक्या मारल्या. भरलेल्या पिंपाचा आवाज बद्द येतो, रिकाम्याचा घुमतो. वरून खाली टिचक्या मारत त्याचं बोट काल होतं त्याच्या बरंच खाली येऊन थांबलं. त्याने दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं, पोराच्या मानेकडे पाहिलं, आणि गप्प राहिला. राहिलेले चार दिवस सगळ्यांनी पाणी मोजून प्यायलं. भात समुद्राच्या पाण्यात गोडं पाणी मिसळून शिजला. कुणी तोंड धुतलं नाही. कुणी पोराला नाव ठेवलं नाही, आणि तेच त्याला सर्वांत जास्त लागलं.

शेवटच्या दिवशी दुपारी जाळं वर घेऊन झाल्यावर तो स्वतःच तांडेलासमोर जाऊन बसला. "काका, पाणी मीच सांडलं. पण मी तरी काय करू? कितीबी घेतलं तरी कमीच पडतं."

"पाणी कमी नाय पडत," तांडेल म्हणाला, "पीळ कमी पडतो. तुझी चादर आण."

तांडेलाने समुद्राच्या पाण्यात मूठभर धुण्याची पावडर टाकली. वडी फुटते तशी पावडर फुटत नाही. चादर तुडवून घेतली, समुद्राच्याच पाण्यात तीनदा खळबळली. "मळ काढायला समुद्र पुरतो. त्याला गोडं पाणी लावायचं नाय. गोडं पाणी फक्त मीठ काढायला." मग चादरीचं एक टोक पोराच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात घेतलं, आणि दोघं समोरासमोर उभे राहून पिळू लागले. चादरीचा दोर झाला. दोराला वेढे पडले. पाण्याची धार लागली, धारेचे थेंब झाले, पोराने हात सैल सोडले. "अजून," तांडेल म्हणाला. अजून दोन वेढे घातल्यावर आणखी धार निघाली. पोराच्या तळव्यांना रग लागली. "अजून." शेवटी चादरीच्या गाठीतून एक थेंब बाहेर येऊन तिथेच लोंबत राहिला, पडला नाही. तेव्हा तांडेल थांबला.

मग त्याने पिंपातून एक तांब्या पाणी काढून टोपात ओतलं. पोराला वाटलं, एवढ्याशा पाण्यात चादर भिजायचीसुद्धा नाही. पण पिळलेली चादर तहानलेली असते. तिने ते पाणी पिऊन टाकलं. कणीक तिंबावी तशी ती तिंबली, पुन्हा पिळली, आणि टोपात निघालेल्या पाण्यात तांडेलाने पोराला बोट बुडवून चाखायला लावलं. कडक खारट. दुसरा तांब्या, पुन्हा तिंबणं, पुन्हा पीळ. आता मचूळ. तिसरा तांब्या. पोराने बोट चाखलं, पुन्हा चाखलं, आणि वर पाहिलं.

"खारट लागत नाय."

"लागणार कसं? तू खाऱ्यावर गोडं ओतत होतास. जे आत बसलंय ते आधी बाहेर काढलं नाय, तर वरून कितीबी ओत, ते खारंच होतंय. आधी पिळायचं, मगच घ्यायचं."

हे मला इतकं पटलं की मी कागद घेऊन बसलो. एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पिळूनही कापडात अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरलं, तर मीठ झालं साडेसतरा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन चहाचे चमचे. त्यावर तीन लिटर गोडं पाणी एकदम घालून पिळलं तर अडीच ग्रॅम मागे राहतं. तेच तीन लिटर एकेक करून तीनदा घातलं, आणि दर वेळी तसंच पिळलं, तर राहतं पाऊण ग्रॅमहूनही कमी. पाणी तेवढंच. वाढली ती फक्त मनगटांची मेहनत. घरातल्या जुन्या रागावर नव्या मायेच्या बालद्या ओतून थकलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांत मीही आहे. माया कमी पडली असं आम्ही समजत होतो. आतलं पिळून काढायला मात्र कुणी बसलं नव्हतं, कारण त्याला दोन माणसं समोरासमोर उभी राहावी लागतात आणि तळव्यांना रग लागते.

त्यानंतरच्या फेरीत धुण्याचं काम पोराने आपणहून मागून घेतलं. सगळ्यांचे कपडे समुद्राच्या पाण्यात काढून, पिळून त्याने रांगेत ठेवले आणि तीन टोप मांडले. पहिल्या कपड्याला तीन तांबे लागले. तिसरं पाणी तो कठड्यावरून ओतणार तोच थबकला. त्याने ते चाखलं. मग मागे वळून दुसरा कपडा उचलला आणि त्याच पाण्यात आधी घातला. एकाचं तिसरं पाणी दुसऱ्याचं पहिलं झालं. हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. तांडेल केबिनच्या दारातून बघत होता. तो उठून आला, समोर बसला आणि पिळायला दुसरं टोक धरलं.

पहाटे मतलई सुटला. जमिनीवरून येणारा तो कोरडा वारा धुण्याला फार चांगला, म्हणून कपडे तेव्हाच दोरीवर चढले. सकाळ संपायच्या आत वाळलेही. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा आला, दिवस बुडाला, फळ्यांवर दव धरलं. तांडेलाने आपला सदरा हातात घेतला, उलटा केला, काखेतली शिवण चिमटीत धरून पाहिली. मग पोराला हाक मारून तो त्याच्या सोलवटलेल्या मानेवर हलकेच टेकवला.

पोरगा दचकला नाही. सदरा कोरडा होता.