तिसरं माप

जपानमधल्या ओसाका शहरात एका सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकाकडे एक दत्तक मुलगी वाढत होती. चण बारीक, आवाज मात्र खणखणीत. कपडे बदलायच्या खोलीत ती गाऊ लागली की न्हायला आलेली गिऱ्हाइकं कौतुकाने ऐकत. ही शिझुको कासागी.

१९२७ साली ती ताकाराझुका या मुलींच्या नामांकित नाट्यमंडळीत दाखल व्हायला गेली. परीक्षकांनी तिची अंगकाठी पाहिली आणि घरी पाठवलं. हे पहिलं माप. पोर हिरमुसली, पण खचली नाही. त्याच वर्षी ती शोचिकू या नाट्यकंपनीच्या मंडळीत शिरली आणि नाचगाण्याच्या खेळांत उमेदवारी करू लागली. १९३८ साली ती तोक्योला आली. तिथे संगीतकार र्‍योइची हात्तोरी यांच्या चालींनी तिला जॅझ गायिका केलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. जॅझ म्हणजे शत्रूचं संगीत! गाता गाता रंगमंच पालथा घालणाऱ्या या बाईला पोलिसांनी बजावलं, की तीन फुटांच्या चौकोनाबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे दुसरं माप.

युद्ध संपलं. १९४७ साली तिच्या पोटातल्या बाळाचा बाप गेला. काही दिवसांतच मुलगी झाली. हात्तोरींनी तिच्यासाठी ‘तोक्यो बुगी-वुगी’ हे गाणं रचलं. बाळाला पाजून ती रंगमंचावर जाई आणि बेचिराख शहराला नाचवी. चौकोन केव्हाच पुसला गेला होता. लोक तिला ‘बुगीची राणी’ म्हणू लागले.

दहाएक वर्षांनी मात्र तिच्या लक्षात आलं, की अंगात पूर्वीची चपळाई उरली नाही. प्रेक्षकांची अजून काही तक्रार नव्हती. तरी तिने गाणं थांबवलं, अभिनयाकडे वळली. आणि निर्मात्यांकडे स्वतः जाऊन तिने सांगितलं, की मी आता गाणारी राणी नाही, नटी म्हणून नवखी आहे. माझं मानधन कमी करा.

हे तिसरं माप, तिचं तिनेच घेतलेलं. १९८५ साली जाईपर्यंत ती गायिका म्हणून परतली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याने घेतलेल्या मापात मावू नये, पण आपलं माप आपण घेताना फूटपट्टी खरी धरावी.