नरक्याची पूड आणि वहिनींचं सलाइन

चि. मंदार,

फोनवर तू घाईत होतास आणि हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहिते आहे. घाटातला कोणी माणूस वहिनींसाठी नरक्याच्या लाकडाची पूड आणून देणार आहे. "आत्या, कॅन्सरचं औषध त्यातूनच काढतात ना?" असं तू विचारलंस. हो, काढतात. आणि म्हणूनच ती पूड वहिनींना देऊ नकोस.

नरक्या आपल्या सह्याद्रीतलं लहानसं झाड. आंबोली, कोयना, महाबळेश्वरच्या रानांत ते आढळतं. लाकूड कापलं की दुर्गंधी सुटते. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य आहे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं केलं. हे वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे, पण खुद्द नंदुरबारात तरी हे किती जणांना माहीत असेल! पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं.

आता पुढचं नीट वाच. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. एक एन्झाइम त्याचा एक धागा कापतं, पीळ सैल करतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि जोडणी होऊ देत नाही. पेशी मरते. पण भराभर वाढणाऱ्या पेशी काय फक्त गाठीतच असतात? आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं, सगळीकडे तोच मार बसतो. सत्तरच्या दशकात हे द्रव्य रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा जुलाब, मूत्राशयातून रक्त, पांढऱ्या पेशींची घसरण, असे हाल झाले की प्रयोग थांबवावे लागले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार केले. त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली आणि १९९६ साली अमेरिकेत दोघांनाही परवानगी मिळाली.

वहिनींच्या कागदावर काय लिहिलंय ते काढून बघ. इरिनोटेकान. म्हणजे नरक्यातल्या द्रव्याचंच सुधारलेलं रूप त्यांना सलाइनमधून मिळतं आहे, तेही उंची-वजन मोजून, रक्त तपासून, उलटी-जुलाबाची औषधं हाताशी ठेवून. पुडीत किती कॅम्प्टोथेसिन आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ते झाडागणिक, जागेगणिक बदलतं. त्याच विषाचा बेहिशेबी डोस वर चढवलास, तर आधीच सोललेल्या आतड्याचं काय होईल?

आणि ती पूड येते कुठून? बहुधा चोरट्या तोडीतून. या झाडाची बुंध्यापासून, मुळासकट तोड झाल्याने ते विरळ होत चाललं आहे. असल्या व्यापाराला आपल्या घरातून पैसा जाऊ नये.

गुळवेलीचा काढा चालू आहे, असं तू ओझरतं म्हणालास. तो बंद कर. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत आणि इरिनोटेकानचा निचरा यकृतातूनच होतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. काय काय घेतलं त्याची यादी त्यांच्या टेबलावर ठेव.

बाकी तुम्हा भावंडांना कॅन्सर होऊ नये म्हणून कुठलं पान चावायचं, असं धाकटीने विचारलं होतं. तिला सांग, कुठलंच नाही. तुझी तंबाखू सुटली तर त्याचा उपयोग आहे. आणि वहिनींना, म्हणजे तुमच्या आईला, आतड्याचा कॅन्सर झालाय, तेव्हा तुम्हा दोघांची कोलोनोस्कोपी कधी करायची, हे त्याच डॉक्टरांना विचारा. लाजू नका.

जुलाब सुरू झाले तर रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन कर, सकाळची वाट पाहू नकोस. पुढच्या केमोआधीचा रक्ताचा रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठव.

तुझी आत्या