गाडी बुडेपर्यंत

मागच्या पावसाळ्यात मी राधानगरीत, घरूनच काम करत होतो. एका रविवारी टीव्हीवर ‘दृश्यम’ लागला. निशिकांत कामत यांचा २०१५ सालचा हिंदी. मूळ मल्याळम सिनेमा २०१३चा. मी तो चारेक वेळा पाहिलाय, आई पहिल्यांदाच बघत होती. विजय साळगावकर ती पिवळी गाडी पाण्यात बुडवतो, तेव्हा मी नेहमीसारखा श्वास रोखून बसलो होतो. आई भाजी निवडत म्हणाली, “आणि त्याच्या आईनं कुठं हुडकायचं रे त्याला आता?”

मला जरा रागच आला. त्या क्षणी हा प्रश्न विचारायचाच नसतो. गाडी बुडावी एवढंच आपल्याला हवं असतं.

हे थ्रिलरचं फार जुनं तंत्र आहे. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) नॉर्मन बेट्स खून झालेल्या मुलीची गाडी दलदलीत ढकलतो. गाडी अर्धी बुडते आणि थांबते. दोनेक क्षणच, पण प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. आत जिचं प्रेत आहे, तिच्याबरोबरच आपण तोवरचा सिनेमा पाहिलेला असतो. तरी आता वाटतं, बुड की एकदाची! माणूस चांगला की वाईट हे आपण नंतर ठरवतो. त्याआधी त्याच्या शेजारी बसून त्याची भीती आपली करून घेतलेली असते. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळू द्या, असं हिचकॉक म्हणायचा. थ्रिलरमध्ये माहिती ज्याच्याबरोबर वाटून घेतली, त्याची बाजू आपली होते.

‘दृश्यम’मध्ये हे आणखी अवघड होतं, कारण विजयची बाजू खरंच समजण्यासारखी आहे. मेलेला मुलगा त्याच्या मुलीला व्हिडिओवरून धमकावत होता. मृत्यू ठरवून केलेला नाही. समोर पोलिसांची मारहाण आहे. त्यामुळे चौथी नापास केबलवाला एक अख्खा दिवस अलीकडे सरकवतो, तिकिटं आणि पावत्या जमवतो, लोकांच्या आठवणीत २ ऑक्टोबर पेरतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. पण तपास करणारी मीरा देशमुख आयजी आहे तशी त्या मुलाची आईही आहे. वर्दी आणि दरारा देऊन सिनेमा तिला आपल्यापासून लांब बसवतो. मुलगा जिवंत आहे की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याला मात्र पहिल्यापासून माहीत असतं.

मग प्रेक्षकाचं काही चुकतं का? सिनेमा बघताना नाही, असं मला वाटतं. चोराबरोबर धडधडणारं काळीज म्हणजे चोरीला संमती नव्हे. अडचण वेगळीच आहे, आणि ती मला स्वतःवरून कळली.

चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री मी सर्व्हरवर एक छोटा बदल चढवला आणि काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. चूक माझी आहे हे मला अर्ध्या तासात कळलं होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी लॉग दाखवले ते साडेअकरापासूनचे. माझा बदल अकरा दहाचा होता. दाखवलेली एकही ओळ खोटी नव्हती. अकरा चाळीसला एका सहकाऱ्यानेही काहीतरी चढवलं होतं, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले. तीन दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती: मी सुटतो का? त्या गोष्टीत तो सहकारी माणूस नव्हताच, माझ्या सुटकेची वाट होता. चौथ्या दिवशी सहन होईना, तेव्हा मी सांगून टाकलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, “तीन दिवस मी माझाच कोड परत परत वाचत होतो.”

स्वतःच्या आयुष्यात कॅमेरा कायम आपल्याच खांद्यावर असतो. त्यामुळे आपली भीती हाच आपल्याला न्याय वाटायला लागतो. थ्रिलर ही सवय लावत नाही. ती असतेच, म्हणून थ्रिलर चालतो. पण दोन तासांनी सिनेमा संपला की निदान उठता येतं.

त्या रविवारनंतर चार दिवसांनी धरण भरलं. आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. आम्ही पोरं लहानपणापासून ते बघायला पळायचो. पहिला कुठला उघडणार यावर पैजा लावायचो. हेच पाणी पुढे पंचगंगेत जातं. तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. नदीकाठचा माणूस तोच आकडा बघून गाद्या माळ्यावर टाकायच्या का, जनावरं कुठं न्यायची, हे ठरवत असतो. आम्ही ज्या दरवाज्यासाठी ‘उघड की’ म्हणत होतो, तो उघडू नये म्हणून तिकडे कुणी देव पाण्यात घालून बसलेलं असणार.

याही वेळी मी दरवाजे बघायला गेलो. दृश्य सुंदरच असतं, नाही कसं म्हणू? फक्त आता दरवाजा उघडल्याचा मेसेज आला की गाडीची किल्ली उचलायच्या आधी मी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो.