हे कोणी बांधले?



सुट्ट्या लागल्या की करकंबमधून सहली निघतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सोलापुरात भुईकोट किल्ला व सिद्धेश्वर तलाव आहे. भीमेच्या काठी माचणूरला सिद्धेश्वराचे जुने मंदिर आणि किल्ला आहे. तेथेच ब्रह्मपुरीला १६९५ पासून सुमारे चार वर्षे औरंगजेबाची छावणी होती. मंगळवेढा ही तर एके काळची कलचुरींची राजधानी. आपण जातो, तटबंदी पाहतो, फोटो काढतो, डबा खाऊन परत येतो. यात वाईट काहीच नाही. पण पाहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्हाला येथे मांडावासा वाटतो.

जुन्या वास्तूपुढे उभे राहिलो की मुले विचारतात, ‘हे कोणी बांधले?’ आपण उत्तर देतो ते राजाचे किंवा सरदाराचे. वास्तविक त्याने हुकूम दिला. दगड फोडले, वाहिले आणि रचले ते दुसऱ्यांनीच. त्यांची नावे सहसा कोठेच सापडत नाहीत.

मंगळवेढ्याला मात्र एक नाव सापडते. तेथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. परंपरेनुसार ते साल १३३८. त्या मजुरांत संत चोखामेळा होते. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास आणल्या, असे सांगतात. महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे. जिवंतपणी ज्यांना मंदिरात पाऊल टाकता आले नाही, त्यांची समाधीही दाराबाहेरच! ते दार त्यांच्या समाजाला उघडायला १९४७ साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले.

चोखोबा संत होते म्हणून त्यांचे नाव राहिले. त्यांच्याबरोबर गेलेल्यांची नावे आज आपल्याला सांगता येत नाहीत.

लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात प्रभू येशू अशाच एका अपघाताची आठवण करून देतो. शिलोहचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो. बुरूज किती उंच होता, कोणाच्या हुकमाने बांधला, याविषयी तेथे अवाक्षर नाही. माणसे किती गेली, ते मात्र सांगितले आहे.

कोणी म्हणेल, ‘फादर, सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा दोष आमच्या माथी कशाला?’ म्हणणे रास्त आहे. दोष करणाऱ्याचा असतो. तो आपल्याकडे येत नाही. पण ऋण हे घेणाऱ्याचे असते. ज्या तटाच्या सावलीत आपण डबा सोडतो, ती सावली कोणाच्या तरी घामाची आहे. तिचा लाभ आपण घेतो, म्हणून ऋणही आपलेच. आणि याने सहलीचा आनंद कमी होत नाही. उलट, कोरीव खांबात राजाच्या वैभवाबरोबर पाथरवटाचा हातही दिसू लागतो.

आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील दगड वाहणाऱ्यांतलेच होते. त्यांनी तर मुलांना मान ताठ ठेवून सांगावे, ‘हे आपल्या माणसांनी बांधले.’

मेलेल्यांना मजुरी देता येत नाही. त्यांनी रचलेल्या दगडांवर आपली नावे कोरू नयेत, एवढे करता येते. आणि आणखी एक करता येते. आपल्या घराचे बांधकाम निघते तेव्हा परातीने माल वाहणाऱ्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक असते काय? तिची मजुरी बाजाराच्या दिवसाआधी तिच्या हातात पडते काय? पुढच्या सहलीला निघण्यापूर्वी या दोन प्रश्नांचा विचार प्रत्येक घराने करावा, ही विनंती.

आपले धर्मगुरू