तारू फुटलेला माणूस

स्वीडिश भाषेत 'रेत्सहावेरिस्त' असा एक शब्द आहे. आपल्यावर अन्याय झाला ही एकच गोष्ट धरून बसणारा, वर्षानुवर्षे अर्ज आणि पत्रे धाडणारा, निकाल विरुद्ध गेला तरी न थांबणारा माणूस, असा त्याचा अर्थ. तो इंग्रजीत आणताना भाषांतरकाराची लेखणी अडखळते. 'व्हेक्सेशस लिटिगंट' म्हणावे, तर ती कायद्याची संज्ञा. अशा दावेदारांना आवरण्यासाठी इंग्लंडमध्ये १८९६ साली कायदाच झाला. पण कोर्टाची पायरी न चढता नुसती पत्रे लिहिणारा तिच्यात बसत नाही. 'क्रँक' या शब्दात चक्रमपणा आहे, अन्यायाचा सल नाही. 'क्वेरुलंट' त्यातल्या त्यात जवळचा. त्याचे मूळ गाऱ्हाणे सांगणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. परंतु वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर तो क्वचितच भेटतो.

खरी अडचण शब्दाच्या पोटात आहे. मुळात तो जर्मनवरून घेतलेला, 'माझेच खरे' म्हणणाऱ्याला उद्देशून. स्वीडिश कानाला मात्र त्याच्या उत्तरार्धात 'हावेरिस्त' ऐकू येतो, म्हणजे अपघातात सापडलेले तारू. निंदेच्याच शब्दात अशी करुणा शिरली: हा मनुष्य न्यायाच्या शोधात निघाला आणि खडकावर आपटला. आम्हांला विचाराल तर भाषांतरकाराने एका शब्दाचा हट्ट सोडून सरळ एक वाक्य लिहावे.

त्याहून अवघड प्रश्न असा, की हा शब्द मुळात कोणाला लावावा? स्वतःला कोणीही तो लावून घेत नाही. मेजापलीकडचा माणूस तो लावतो, आणि एकदा लावला की पुढचे पत्र न वाचण्याची मुभा मिळते. याच स्वीडनने १८०९ च्या राज्यघटनेने नागरिकांची गाऱ्हाणी ऐकणारा 'ऑम्बुड्समन' निर्माण केला. तो शब्द इंग्रजीने जसाच्या तसा उचलला. आपल्या महाराष्ट्रात १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा झाला आणि त्याच वर्षी त्रासदायक दाव्यांना प्रतिबंध करणाराही झाला. दोहोंची गरज असेलही.

संत लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा आठवावी. ना देवाची भीती, ना माणसांची पर्वा, अशा त्या न्यायाधीशाने तिला त्रासदायकच ठरवले होते. त्याचा कारकून स्वीडिश असता, तर त्याने तिच्या नावापुढे हाच शब्द टिपला असता. प्रभू येशूने मात्र तिलाच प्रार्थनेचे उदाहरण केले. तिचा दावा कशाबद्दल होता, हे शुभवर्तमान सांगतही नाही.

आमच्या एका धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ मयतांच्या नोंदवहीतील आपल्या भावाची तारीख चुकली आहे, असे दर महिन्याला लिहून देत. आमच्या आधीच्या धर्मगुरूंपासून कचेरीत त्यांना 'खटलेबाज' म्हणत; आम्हीही म्हणू लागलो. एका पावसाळ्यात, दुसरे काम नव्हते म्हणून, आम्ही जुनी वही काढली. चूक आमच्याच कचेरीची होती. समासात दुरुस्ती करून आम्ही त्यांना बोलावले. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तारीख बरोबर झाली, फादर," ते म्हणाले. "पण वीस वर्षं मला खोटा ठरवलात, ते कुठल्या वहीत लिहिणार?"

पुढच्या महिन्यात त्यांचे पत्र पुन्हा आले.