शिकवायचं काय, ठरवायचं कोणी?

सप्टेंबर 2025 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने मानववंशशास्त्राची एक पदवी बहाल केली. ती मिळवणाऱ्या माकेरेती पापाकुरा 1930 मध्येच वारल्या होत्या. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ फाकारेवारेवा हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तिथे त्या पर्यटकांच्या वाटाड्या म्हणून नावारूपाला आल्या, आणि 1901 मध्ये ब्रिटिश युवराज-युवराज्ञी आले तेव्हा त्यांनाही झरे माकेरेतींनीच दाखवले. पुढे लग्न करून त्या इंग्लंडला गेल्या आणि पन्नाशीच्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थिनी झाल्या. प्रबंधाचा विषय होता त्यांचेच लोक, न्यूझीलंडचे मूलनिवासी माओरी: त्यांची लग्नं, बाळंतपणं, शेती, घरं. प्रबंध सादर व्हायला काही आठवडे उरले असताना त्यांचा मृत्यू झाला. 1938 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. माओरी बाईचं आणि मुलाबाळांचं जगणं त्यात आतून मांडलेलं आहे. तोवरच्या बहुतेक गोऱ्या अभ्यासकांच्या वह्यांत ते फारसं आलंच नव्हतं.

ही पदवी यायला एवढा काळ का लागला, याचं उत्तर एका विद्यापीठाच्या दप्तरदिरंगाईत सापडणार नाही. मूलनिवासींकडे सांगण्यासारखी माहिती असते, एवढं विद्यापीठांनी फार पूर्वीच मान्य केलं होतं. त्या माहितीचा अर्थ लावण्याचा, ती शिकवण्याचा आणि तपासण्याचा अधिकारही त्यांचाच आहे, हे पचायला मात्र जवळजवळ शतक गेलं. न्यूझीलंडमध्ये हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो.

1867 च्या कायद्याने माओरी मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजीतून. 1892 मध्ये पॉलिनेशियन सोसायटी स्थापन झाली आणि वंशावळी, कथा, मंत्र कागदावर उतरू लागले. सांगणारे बहुधा माओरी वृद्ध, लिहिणारे आणि छापणारे बहुधा गोरे. पुढच्याच वर्षी आपिराना न्गाटा पदवीधर झाले. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी पूर्ण करणारे ते पहिले माओरी. मग 1907 मध्ये संसदेने तोहुंगांवर, म्हणजे माओरी समाजातल्या वैद्य आणि ज्ञानी पुरोहितांवर, बंदी आणणारा कायदा केला. साथीच्या रोगांनी माणसं मरत होती आणि आधुनिक औषधोपचार गावोगाव पोचावेत या तळमळीने खुद्द न्गाटांनीही त्याला पाठिंबा दिला होता. हा कायदा 1962 पर्यंत पुस्तकात राहिला. या काळात माओरी ज्ञानाचा अभ्यास करणं प्रतिष्ठेचं होतं आणि ते ज्ञान व्यवहारात वापरणारा कायद्याने गुन्हेगार ठरू शकत होता.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस बिग्ज यांची ऑकलंड विद्यापीठात माओरी भाषेचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. देशातल्या विद्यापीठांत हे पद पहिलंच. दार किलकिलं झालं, पण बाकीच्या विद्यापीठाला त्याची झळ लागली नाही.

ती लागली सत्तरच्या दशकात. ऑकलंडच्या विद्यार्थ्यांतून पुढे आलेल्या ‘न्गा तामातोआ’ या तरुणांच्या गटाने शाळांमध्ये माओरी भाषा शिकवावी म्हणून सह्या गोळा केल्या. 14 सप्टेंबर 1972 रोजी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. त्याच विद्यापीठात अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी पदवीदान सोहळ्याच्या सुमारास माओरींच्या हाका नृत्याची अश्लील नक्कल करत. तक्रारी होत होत्या, नक्कल चालूच होती. 1 मे 1979 रोजी तिची तालीम सुरू असताना माओरी आणि पॅसिफिक बेटांवरचे तरुण तिथे शिरले आणि हाणामारी झाली. तरुणांवर खटले झाले, पण ती नक्कल कायमची बंद पडली. 1988 मध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या आवारात माओरी सभागृह उभं राहिलं.

दुसरा रस्ता ओटाकी या छोट्या गावात निघाला. तिथल्या तीन जमातींनी 1975 मध्ये पंचवीस वर्षांचा कार्यक्रम आखला, तेव्हा त्यांच्या तरुण पिढीत आपली भाषा बोलणारे जवळजवळ उरले नव्हते. फातारांगी विनिआता यांच्या पुढाकाराने 1981 मध्ये या जमातींनी स्वतःची उच्च शिक्षणसंस्था काढली: ते वानांगा ओ राउकावा. इथे विद्यार्थी प्रशासन शिको की आणखी काही, प्रत्येक पदवीत माओरी भाषा आणि आपल्या स्वतःच्या कुळाचा अभ्यास असतो. म्हणजे गावी जाऊन आजी-आजोबांना विचारणं आलं, जमिनीचे आणि नद्यांचे वाद समजून घेणं आलं. 1990 मध्ये कायद्याने ‘वानांगा’ हा उच्च शिक्षणसंस्थेचा स्वतंत्र प्रकार मानला. मान्यता मिळाली, पण इमारतींसाठी इतर संस्थांना मिळाला तसा पैसा मिळाला नाही. 1999 मध्ये वाइटांगी न्यायाधिकरणाने यात सरकारने माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या 1840 च्या वाइटांगी कराराच्या तत्त्वांचा भंग केल्याचं स्पष्ट सांगितलं.

अधिकार मूलनिवासींचाच, या विचाराला सर्वांत धारदार वळण मिळालं ते परिचर्येच्या शिक्षणात. 1988 मध्ये ख्राइस्टचर्चला माओरी परिचारिका आणि विद्यार्थिनींची सभा भरली होती. परिचारिकेने कायदेशीर सुरक्षितता पाळावी, नैतिक सुरक्षितता पाळावी, अशी चर्चा चालली असताना पहिल्या वर्षाची एक माओरी विद्यार्थिनी उठली. आमच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय, असं तिने विचारलं. सभेत इरिहापेती रॅम्सडेन होत्या, स्वतः परिचारिका आणि शिक्षिका. तो प्रश्न त्यांनी उचलला आणि आयुष्यभर सोडला नाही.

तोवरची रीत सोपी होती. रुग्ण माओरी असेल तर त्याच्या चालीरीतींची यादी परिचारिकेने पाठ करायची: डोक्याला हात लावण्याआधी विचारावं, जेवणाचं आणि अंगाचं कापड एकत्र धुऊ नये, वगैरे. रॅम्सडेन यांना ही यादी पुरेशी वाटली नाही. यादी पाठ करून कोणी माओरींचा तज्ज्ञ होत नाही, उलट समोरच्या माणसाला आपण ओळखलं असा भ्रम होतो. त्यांनी परिचारिकेला स्वतःकडे बघायला लावलं. तिचे ग्रह कोणते, गणवेश घातल्यावर तिच्या हातात कोणती सत्ता येते, हा देश कोणत्या इतिहासातून घडला, हे तिने शिकायचं. आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे ठरवणार रुग्ण.

परीक्षकच बदलला. 1992 मध्ये परिचर्या परिषदेने ही मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि ती नोंदणीसाठीच्या शिक्षणाचा भाग झाली. पाठोपाठ वर्तमानपत्रांत वादळ उठलं: मुलींना शुश्रूषा शिकवायची की राजकारण? 1995 मध्ये संसदीय समितीने चौकशी केली. तत्त्वं टिकली, आणि पुढे ऑस्ट्रेलिया व कॅनडातल्या परिचर्या शिक्षणातही पोचली. माओरी स्त्रियांच्या अनुभवातून निघालेली ही कसोटी वृद्धांना, गरिबांना, दुसऱ्या धर्माच्या रुग्णांनाही लागू होती. तिच्या बळाचं कारण तेच.

1999 मध्ये लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं ‘डिकॉलोनायझिंग मेथडॉलॉजीज’ आलं आणि तोच प्रश्न संशोधनाला विचारला गेला. हे संशोधन कोणाला हवं आहे? त्याची मालकी कोणाची? ते संपल्यावर लोकांच्या हाती काय उरतं? पुढे जगभरच्या समाजशास्त्राच्या वर्गांत हे पुस्तक लागलं.

अधिकार असा मूळ जाणकारांकडे राहिला तर काय साधतं, हे रांगी मातामुआ यांच्या कामात दिसतं. 1995 मध्ये विद्यापीठात शिकत असताना त्यांनी आजोबांना मातारिकीबद्दल विचारलं. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. हिवाळ्यात पहाटे त्या पुन्हा दिसू लागल्या की माओरींचं नवं वर्ष सुरू होतं. आजोबांनी कपाटातून एक हस्तलिखित काढून दिलं. त्यांच्या पूर्वजांनी, बाप-लेकांनी, 1898 ते 1933 या काळात लिहिलेली ती चारशे पानं होती. त्यात सुमारे हजार ताऱ्यांची नावं आणि 103 तारकासमूह होते. मातामुआ यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि 2017 मध्ये पुस्तक लिहिलं. 2022 पासून मातारिकी ही देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. ती चांद्र कालगणनेवर चालत असल्याने दरवर्षी तारीख बदलते. माओरी जाणकारांच्या समितीने काढलेल्या 2052 पर्यंतच्या तारखा कायद्यातच छापल्या आहेत.

तरीही वाद मिटलेला नाही. जुलै 2021 मध्ये ऑकलंडच्या सात प्राध्यापकांनी ‘लिसनर’ साप्ताहिकाला पत्र लिहिलं. शालेय अभ्यासक्रमात माओरी ज्ञानाला विज्ञानाच्या बरोबरीचं स्थान देण्याला त्यांचा विरोध होता. हे ज्ञान संस्कृतीच्या दृष्टीने महत्त्वाचं, पण ते विज्ञान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. उत्तरादाखल निघालेल्या खुल्या पत्रावर दोन हजारांहून अधिक सह्या झाल्या. प्राध्यापकांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रत्येक दावा तपासला गेलाच पाहिजे, आणि सृष्टीच्या उत्पत्तीची कथा ही भौतिकशास्त्राची उपपत्ती नव्हे. पण दोन्ही पत्रं नावाच्या पाटीवर अडकली. मातारिकीच्या तारखांसाठी आकाशाची निरीक्षणं तपासावी लागतात, पिढ्यांच्या नोंदी ताडून बघाव्या लागतात, आणि ते करणारी माणसं त्या परंपरेत मुरलेली आहेत. ही तपासणी विद्यापीठाने वर्गात आणली तर विज्ञानाचं काही हरवत नाही. ती वगळून नुसत्या कथा आणल्या, तर दोन्ही ज्ञानांची फसवणूक होते.

माणसांचा हिशेबही बाकी आहे. 2012 ते 2017 या वर्षांत न्यूझीलंडच्या विद्यापीठांतल्या अध्यापकांमध्ये माओरी पाच टक्क्यांच्या आसपासच राहिले. लोकसंख्येत ते सोळा टक्क्यांहून अधिक आहेत. प्रत्येक विभागाला माओरी आशय हवा असतो, आणि प्रत्येक वेळी त्याच मोजक्या माणसांना बोलावलं जातं. 2025 मध्ये ऑकलंडने पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना वाइटांगी करार, स्थानिक इतिहास आणि ज्ञानपरंपरा यांवरचा एक विषय सक्तीचा केला. टीका झाली, आणि त्याच वर्षी तो बहुतेकांसाठी ऐच्छिक करण्याचं ठरलं. सक्तीचा हुकूम एका बैठकीत निघतो आणि दुसऱ्या बैठकीत मागे घेतला जातो. ओटाकीची संस्था आणि परिचर्या परिषदेचा नियम टिकले, कारण तिथे मूल्यमापनाचा अधिकारच हलला होता.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांपुढे हाच प्रश्न आज कागदोपत्री आलेला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानप्रणालीत आदिवासी ज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आहे. एकूण श्रेयांकांपैकी किमान पाच टक्के ज्ञानप्रणालीच्या विषयांसाठी असावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये सुचवलं. मात्र संस्कृत ग्रंथांवर हे श्रेयांक सहज भरून निघतील आणि गोंड, कोरकू, वारली, भिल्ल यांच्या वाट्याला एखादी क्षेत्रभेट येईल, ही भीती खरी आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान वाणांची बियाणं राखण्याच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला बियाणं निवडता आणि साठवता येतं का, हे पाहण्यासाठी अशा बाईंना तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसवायचं ठरलं, तर विद्यापीठाच्या नियमांत त्यांच्यासाठी रकाना आहे का?

तो रकाना तयार करणं हे अभ्यास मंडळांचं काम आहे. मंडळावर जाणकारांना मताचा अधिकार हवा, त्यांचं मानधन इतर तज्ज्ञांइतकंच हवं, आणि एखादं औषध किंवा विधी वर्गात शिकवू नये असं त्यांनी सांगितलं तर ते मान्य व्हायला हवं. अशी माणसं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत, आणि त्यांत गावातल्या वैदूंची आणि जाणत्यांची नावं लिहिण्यासाठी स्वतंत्र जागा आहे.